काळ्या झरोक्याची हकीकत

श्री. ऐकणाराचे कान शाबूत राहोत, लिहिणाराचा हात न कापो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, कार्तिक वद्य चतुर्थी, मंदवासरे म्हणजे शनिवारी, दिवसा साडेचार वाजता जो प्रसंग गुदरला तो साहेबी विचारिला, त्यावरून जैसे पाहिले तैसे लिहितो. खरे पुसाल तर लिहूच नये ऐसे मनात होते. आम्ही शाळेचे कारकून, जातीचे भित्रे, दरबारी हजेरी लिहावी आणि गप्प बसावे इतुकाच आमचा वकूब, परंतु आज्ञा जाहली तिथे इलाज काय?

राज्य म्हणावे तर त्यास भूमी नाही, वेस नाही, नदी नाही. दर शनिवारी चार वाजता संगणकाचे पडद्यावर उभे राहते आणि साडेपाचास मोडते. गादीवर मृदुलाबाई नेर्लेकर. या मूळच्या भूगोलाच्या बाई, नकाशे काढण्यात हयात गेली, आणि शाळेने एकाएकी हुकूम केला की सहावी ते आठवीच्या मुलांस व्हिडिओ गेम करावयास शिकवावे, तेही घरबसल्या, ऑनलाइन. बाई दोन वेळा म्हणाल्या, "मला नाही हो त्यातलं काही येत," आणि तिसरे वेळी मुकाट्याने शिकून आल्या. मग श्रावणमासी राज्य सुरू जाहले, एकवीस मुले दाखल जाहली, पडद्यावर एकेकाचा एकेक चौकोन, त्यास आम्ही झरोका म्हणतो, झरोक्यात मुलाचे तोंड आणि तळाशी नाव. आणि मुलांनी काय काय खेळ केले म्हणता? कोणाचा बेडूक विहिरीवरून उडी मारी, कोणाची रिक्षा खड्डे चुकवी, एकाचे वडापाव आकाशातून पडत आणि खाली टोपली धरावी लागे. बाई आनंदल्या, मुले त्याहून आनंदली, आणि आम्ही हजेरी मांडून स्वस्थ राहिलो.

त्या एकविसांत शर्वाणी खटावकर म्हणून सातवीची मुलगी होती. हुशार, कमी बोलणारी, काम बहुत बारीक. तिचे वडील हणमंतराव खटावकर, तमाम शाळेच्या पालकसभेचे अध्यक्ष. माणूस वाईट नव्हे, हे आधीच सांगतो, पोरीस कधी बोट लाविले नाही. परंतु आवाज भारी आणि शिस्त त्याहून भारी, घरात वर्तमानपत्राचे पान उलटले तरी बायको आणि लेक मान वर करून पाहात. भाद्रपदात चाचणीचा निकाल लागला आणि शर्वाणीस गणितात गुण कमी पडले. हणमंतराव बोलिले, "गेमचा नाद लागला की दुसरं काय होणार? बंद म्हणजे बंद." आणि त्याच दिवशी शाळेस चिठ्ठी धाडून नाव काढविले. आम्ही यादीत तिचे नावावर रेघ ओढली आणि वीस मुले राहिली.

आता चूक कोणाची ते लिहितो. ऑनलाइन दरबाराचा शिरस्ता ऐसा की दर खेपेस नवी लिंक करावी आणि दारावर एकेकास पारखून आत घ्यावे. बाईंनी तो सोपस्कार केला नाही. पहिल्या दिवसाची लिंक तीच शेवटपर्यंत चालविली, म्हणाल्या, "दर वेळी नवीन पाठवली की निम्म्या मुलांना सापडतच नाही." आणि आम्हीही म्हटले, बरोबर आहे. दार सताड उघडे राहिले, मग पुढच्याच शनिवारी एक नवा झरोका आत आला. तोंड नाही, आवाज नाही, नुसता काळा चौकोन, आणि तळाशी नाव 'जुना फोन'.

ती शर्वाणी होती. हे आम्हांस मागाहून कळले, परंतु वाचणारास आताच सांगतो, उगाच कोडे घालावे ही आमची रीत नव्हे. घरात एक तडा गेलेला फोन खणात पडला होता, तो तिने काढिला, आणि दर शनिवारी चार वाजता धुण्याच्या बाल्कनीत वाळत्या कपड्यांआड भिंतीस पाठ लावून बसू लागली. तिची आई शैलजाबाई यांस सर्व ठाऊक. त्या बरोबर चारास धुण्याचे मशीन सुरू करीत आणि लेकीस हळूच म्हणत, "तासभर घरघर चालेल. तेवढ्यात काय ते उरकून घे." हॉलमध्ये हणमंतराव खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचीत. एकदा त्यांनी विचारिले, "तीन माणसं आपण, एवढे कपडे निघतात कुठून?" शैलजाबाई बोलिल्या, "चादरी आहेत." पलीकडे पोरीने ते ऐकिले. सापडली तर फोन जाईल, खेळ जाईल, आणि आईस काय काय ऐकावे लागेल ते वेगळेच, हे तिने पुरते जाणले होते. तरी येत असे. गणितही करीत असे, दुपटीने करीत असे, ते कोणी विचारिले नाही.

इकडे दरबारी काळ्या झरोक्याने थोड्याच दिवसांत मान मिळविला. दुसऱ्याचा खेळ खेळून त्यातील खोट शोधावी ऐसे बाईंचे सांगणे, तर या झरोक्याइतकी बारीक नजर कोणाची नाही. सहावीतला अन्वय चिकोडीकर याचा बेडूक पाहून झरोक्याने लिहिले, "बेडूक विहिरीत पडला तरी मरत नाही, भिंतीतून चालत बाहेर येतो." अन्वयाने दोन दिवस खपून ती खोट दूर केली आणि मग तो झरोक्याचा भक्तच जाहला. सर्व मुले खेळ जाहला की आधी विचारीत, "जुना फोन आलाय का?" झरोक्यानेही आपला एक खेळ करून दरबारी धाडिला, तो सर्व मुले खेळली आणि सर्व हरली.

दुसरे का तिसरे शनिवारी बाईंनी आम्हांस विचारिले, "यादीत वीस आणि झरोके एकवीस, हे कसं काय?" आम्ही पुन्हा मोजिले. एकवीसच. बाईंनी विचारिले, "जुना फोन, तुम्ही कोण?" अक्षरे आली, "बाहेर काढू नका. त्रास देणार नाही." आता यास काय म्हणावे? पोर असेल तर ठीक, आणि नसेल तर? कोणी थोराड मनुष्य काळ्या पडद्याआड बसून वीस लेकरांची तोंडे न्याहाळीत असेल तर? बाईंची पाचावर धारण बसली. तत्क्षणी बाहेर काढावा हा कायदा. परंतु मुलांचे हिरमुसले चेहरे डोळ्यांपुढे आले, आणि अधिक खरे बोलायचे तर, काढिला म्हणजे इतके दिवस का ठेविला याचा जबाब शाळेस द्यावा लागेल, याचेही भय. आज काढू, उद्या काढू करता करता दिवाळी होऊन गेली. बाई रोडावल्या. आम्ही हजेरीत वीसच लिहीत गेलो.

मग व्हावयाचे तेच जाहले. अन्वय जेवताना घरी बोलला की आमच्यात एक जुना फोन आहे, तो कधी तोंड दाखवत नाही, पण माझा गेम त्याला सगळ्यांत जास्त आवडतो. त्याच्या आईचा घास हातातच राहिला. तिने त्याच पावली हणमंतरावांस फोन लाविला, आणि हणमंतराव उठून उभे राहिले. हॉलमध्ये येरझारा घालीत एकेका पालकास फोन करून बोलू लागले, "कोणीतरी बाप्या आपल्या पोरांच्यात येऊन बसतोय, दोन महिने, आणि त्या बाईंना पत्ता नाही. शनिवारी सगळ्या आईवडिलांनी यायचं. प्रत्येकानं तोंड दाखवायचं. आला तर तिथंच धरू. नाही आला तर सायबर पोलिसांत देऊ, फोन कुठून चालतो ते त्यांना पाच मिनिटांत कळतं." काखेत कळसा आणि गावास वळसा म्हणतात तो हाच. कळसा तेव्हा आतल्या खोलीत भूमितीचे वर्तुळ काढीत बसला होता, आणि त्यास शब्द न् शब्द ऐकू येत होता.

शर्वाणीने आईकडे पाहिले. शैलजाबाई कुजबुजल्या, "जाऊच नकोस शनिवारी. फोन टाकून देऊ कुठंतरी." पोरगी म्हणाली, "पोलीस घरी येतील आई. ते तुझं नाव विचारतील. सिम तुझ्या नावावर आहे." जावे तर बाप धरतो, न जावे तर पोलीस आईस धरतात, ऐसे त्या बारा वर्षांच्या जीवास दिसले. तीन वेळा तिने बाईंस चिठ्ठी लिहिली, 'बाई, ती मी आहे', आणि तीन वेळा पुसली. बाई आपल्या आहेत खऱ्या, परंतु बाईंस बाबांपुढे खोटे बोलता येणार नाही, हेही तिला कळत होते.

मग चतुर्थी उजाडली. संकष्टी, हणमंतरावांस उपास, आधीच पित्ताचा माणूस. चार वाजले, दरबार भरला, वीस मुले आणि त्यांचे मागे आईबाप, चाळीसांवर तोंडे, कोणी हसत नाही. आणि चार वाजून तीन मिनिटांनी काळा झरोका आला. तोंडचे पाणी पळणे म्हणतात ते आम्ही त्या दिवशी पाहिले, एकाच वेळी चाळीस जणांचे पळाले. एका आईने आपल्या लेकराचे डोळ्यांवर हात ठेविला.

हणमंतराव गरजले, "पडदा काढ. कोण आहेस तू?" झरोक्यात अक्षरे उमटली, "आधी माझा गेम कोणीतरी खेळा. मग तोंड दाखवते." 'दाखवते' हे वाचून बायकांत कुजबुज जाहली. हणमंतराव बोलिले, "बाई असो नाहीतर बुवा. पोरांना काय विष पाजतोय ते मीच बघतो. आणा तो गेम इकडं." बाईंनी खेळ उघडून त्यांचे संगणकावर दिला आणि पडदा सर्वांस दिसेसा केला, आणि केवळ सवयीने राज्याचा कायदाही बोलून गेल्या, "ज्यानं गेम केला त्यानं, समोरचा खेळत असताना, एक अक्षर बोलायचं नाही. खेळणाऱ्याला स्वतःहून कळलं पाहिजे." काळा झरोका गप्प राहिला. तो राहणारच, कारण बारा पावलांवर बापाचे बोट बटणावर पडलेले तिला मशीनच्या घरघरीतूनही ऐकू येत होते.

खेळ तो ऐसा. एक लांब खोली, या टोकास पिवळ्या झग्याची इवलीशी मुलगी, त्या टोकास दार, आणि मध्ये खुर्चीत एक मनुष्य, तोंडापुढे वर्तमानपत्र. मुलीस बाणाच्या बटणांनी चालवीत दारापर्यंत न्यावे. मनुष्य दोन वेळा खोकतो, मग वर्तमानपत्र खाली करितो, आणि त्याची नजर पडली की वरती अक्षरे येतात, 'अभ्यास झाला का?', आणि मुलगी पुन्हा पहिल्या जागी. बस्स, इतुकेच.

हणमंतरावांनी पहिला डाव चार पावलांत घालविला. अक्षरे वाचून हसले, म्हणाले, "हे बरं विचारतोय." दुसरा डाव जपून खेळले, खोकला ऐकताच थांबले, तरी धरले गेले. तिसऱ्यांदा मुलीस जागची हलविलीच नाही, तरी वर्तमानपत्र खाली आले आणि तीच अक्षरे. तेव्हा चिडले. "अरे, मी काही केलंच नव्हतं. नुसता उभा होतो मी." अन्वयास राहवले नाही, तो बोलिला, "काका, त्यात तसंच आहे. तो कधी बघेल ते ठरलेलंच नाही. आम्ही सगळे हरलोय." हणमंतराव म्हणाले, "असं कसं? काहीतरी नियम पाहिजे का नको? माणसानं वागायचं कसं मग?" आणि चौथा डाव मांडिला. आता खेळात रंगले होते, उपास विसरले, पुढे वाकले, कपाळास घाम आला. मुलगी खुर्चीच्या अगदी जवळ पोचली. खेळातला मनुष्य दोन वेळा खोकला. आणि त्याच वेळी, घसा कोरडा पडल्यामुळे असेल, हणमंतराव स्वतः दोन वेळा खोकले.

ते ऐकून एक बारके पोर फिदीकन हसले आणि त्याच्या आईने त्यास चिमटा काढिला. हणमंतरावांचे बोट बटणावर तसेच राहिले. पडद्यावर 'अभ्यास झाला का?' ही अक्षरे उभी. ती त्यांनी या वेळी बहुत वेळ वाचिली. मग नीट पाहू लागले, खुर्ची पाहिली, खुर्चीखाली चपलांचा जोड पाहिला, पलीकडे दार पाहिले आणि दारातून दिसणारी कपड्यांची दोरी पाहिली. आम्ही त्यांचा चेहरा न्याहाळीत होतो. माणूस भ्याला तर कैसा दिसतो हे आमच्याइतके कोणास ठाऊक, आणि तो माणूस भ्याला होता. म्हणाले, "बाई, हा गेम जिंकायचा कसा?"

मृदुलाबाई बोलिल्या, "ज्यानं केला त्याला विचारा. आता बोलायची परवानगी आहे."

काळा चौकोन उजळला. मागे ओल्या चादरी, पुढे पोरीचे तोंड, ओठ पांढरे. तिने माइक उघडिला आणि बोलली, "बाबा, ते मला अजून जमलं नाही." एका घरात दोन यंत्रे उघडी असली की आवाज दुणावतो. ते वाक्य दरबारी दोनदा ऐकू आले, एकदा तिच्या फोनमधून आणि एकदा हणमंतरावांच्या खोलीतून, बाल्कनीच्या दाराकडून. त्यांनी मान वळवून तिकडे पाहिले.

खुर्ची सरकली. त्यांचा झरोका रिकामा जाहला. चाळीस माणसे श्वास धरून दुसऱ्या झरोक्याकडे पाहू लागली, आणि तिथे चादर बाजूस होऊन हणमंतराव आले. बाई म्हणाल्या, "खटावकर साहेब, ऐका माझं," परंतु त्यांचे तिकडे लक्ष नव्हते. पोरीच्या हातातील फोन कापत होता, चित्र हलत होते, तो सावरावा म्हणून त्यांनी हात पुढे केला. फक्त सावरावयास, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले, शपथेवर सांगतो. परंतु पोरीने ते जाणले नाही. ती भिंतीस चिकटली आणि तिने दोन्ही हात डोक्यावर घेतले. फोन खाली पडला, आम्हांस नुसते छत दिसू लागले.

ज्या हाताने कधी मारिले नाही त्या हातास पोर ऐसे भ्याले. छताकडे पाहात आम्ही सर्व बसलो, कोणी दरबार सोडून गेला नाही. मशीन थांबल्याचे ऐकू आले, मग शैलजाबाईंची पावले. मग हणमंतरावांचा आवाज आला, तो आम्ही पूर्वी कधी ऐकला नव्हता. "मी मारणार होतो असं वाटलं तुला?" ते पुन्हा म्हणाले, "शर्वाणे, असं वाटलं?" तेव्हा ती म्हणाली, "कळत नाही ना बाबा. तुम्ही उठलात की मला काही कळतच नाही."

मृदुलाबाईंनी डोळे पुसले, दरबार बरखास्त केला, आणि त्याच संध्याकाळी सर्व चूक आपली म्हणून शाळेस कबुली लिहून दिली. शाळेने त्यांस ताकीद केली, नवी लिंक करविली, दारावर पारख सुरू केली, ते योग्यच जाहले.

एवंच, काळा झरोका गेला आणि त्या जागी शर्वाणी खटावकर हे नाव पुन्हा आले, यादीत एकवीस जाहले. हणमंतराव अध्यक्षपद सोडून घरी असतात, आणि शैलजाबाई सांगतात की रोज एक डाव खेळतात. पोरीने त्यांस विचारिले, "सोपा करून देऊ का?" ते म्हणाले, "नको, असू दे." अद्याप दारापर्यंत पोचलेले नाहीत. जैसे घडले तैसे लिहिले, अधिकउणे असल्यास दोष आमच्या भित्र्या हाताचा. लेखनसीमा.